मागे आणि मागाहून: काळाच्या जागा शोधताना

४ जून

आज कामाला सुरुवात झाली. मराठीत काळाबद्दल बोलताना आपण जागेचे जे शब्द वापरतो, त्या प्रत्येकाचं एक कार्ड करायचं: पुढे, मागे, जवळ, लांब, अलीकडे, उंबरठ्यावर, तोंडावर. कार्डावर शब्द, दोन-तीन वाक्यं आणि एक साधं चित्र. चित्रात बोलणारा माणूस कुठे उभा आहे आणि घटना कुठे आहे, एवढंच दिसायला हवं. सोबत लोकांच्या गप्पांची चित्रफीत घ्यायची आणि बोलताना त्यांचे हात कुठे जातात ते टिपायचं. चित्रं मैत्रीण काढणार, कॅमेरा मित्र सांभाळणार, शब्द माझ्याकडे.

पहिल्या दोन तासांतच लक्षात आलं की जागेच्या शब्दांशिवाय काळाबद्दल बोलताच येत नाही. परीक्षा जवळ येते, तोंडावर येते, येऊन ठेपते. काम लांबणीवर पडतं. दिवस भरतात, सरतात, मागे पडतात. काळाला स्वतःचे म्हणावेत असे शब्द शोधायला बसलो आणि ‘नंतर’वर बोट ठेवलं. तोही निघाला ‘अनंतर’, म्हणजे मध्ये अंतर नसलेला. तिथेही जागाच.

९ जून

पहिली योजना कोसळली. त्यातून बरंच शिकायला मिळालं, म्हणून सविस्तर लिहितो.

इंग्रजीत या विषयावरचा एक गाजलेला प्रश्न आहे. बुधवारची बैठक दोन दिवस ‘फॉरवर्ड’ सरकवली, तर ती आता कोणत्या वारी? काही जण सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. आपण काळातून पुढे चाललो आहोत असं मनात असेल तर ‘फॉरवर्ड’ म्हणजे आपल्या चालीच्या दिशेने, म्हणून शुक्रवार. काळ आपल्याकडे चालत येतोय असं वाटत असेल तर त्याच्या चालीच्या दिशेने, म्हणजे आपल्याजवळ, म्हणून सोमवार. लेरा बोरोदित्स्की आणि मायकल रॅमस्कर यांनी २००२ मध्ये दाखवलं की माणूस त्या वेळी कशाचा विचार करतोय यावर उत्तर बदलतं. चाकांच्या खुर्चीवर बसून स्वतः पुढे सरकण्याची कल्पना केलेले लोक शुक्रवारकडे झुकले, तर खुर्ची दोरीने आपल्याकडे ओढण्याची कल्पना केलेले सोमवारकडे. विमानतळावरही तेच: प्रवासाला निघालेल्या किंवा नुकत्याच उतरलेल्या लोकांत शुक्रवार जास्त, कुणाला तरी घ्यायला येऊन थांबलेल्यांत कमी.

हाच प्रश्न मराठीत विचारायचं ठरवलं होतं. ‘बुधवारची बैठक दोन दिवस पुढे ढकलली.’ सगळ्यांनी एका क्षणात शुक्रवार सांगितलं. सोमवारी हवी असेल तर बैठक ‘अलीकडे घेतात’. आणि ‘मागे घेतली’ म्हटलं तर ती रद्दच झाली, असा समज व्हायचा. मराठीत या जागी संदिग्धता नाहीच. भारतीय इंग्रजीने ‘पोस्टपोन’च्या जोडीला ‘प्रीपोन’ घडवला तो उगाच नव्हे. आपल्याला दोन दिशांसाठी दोन शब्द असण्याची सवय होती.

दुसऱ्या भाषेचा प्रश्न आपल्या भाषेत आणून तिची परीक्षा घेता येत नाही. मराठीची दुखरी जागा मराठीतच शोधावी लागेल.

११ जून

पहिला उमेदवार: परवा. ‘परवा भेटलो’ आणि ‘परवा भेटू’. एकच शब्द आजच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर उभा आहे, आणि दिशा फक्त क्रियापद सांगतं. तेरवाही तसाच. हिंदीत ‘कल’सुद्धा असाच दुतोंडी आहे, मराठीने काल आणि उद्या वेगळे केले, पण एका दिवसापलीकडे गेल्यावर दिशा सोडून दिली.

कार्डावर चित्र काय काढायचं, असं मैत्रिणीने विचारलं. मी म्हटलं, आज मध्ये आणि भोवती वर्तुळ. तिने काढलं. सुंदर झालं आहे.

१७ जून

चित्रीकरणाची पहिली चाचणी. यात दोन चुका झाल्या.

पहिली चूक कॅमेऱ्याची. तो बोलणाऱ्याच्या अगदी समोर ठेवला होता. हात डावीकडून उजवीकडे गेला की स्वच्छ दिसतो. पण छातीपासून पुढे गेलेला किंवा खांद्यावरून मागे टाकलेला हात समोरून पाहिल्यावर जेमतेम हललेला वाटतो. म्हणजे जे शोधायचं तेच कॅमेरा सपाट करून टाकत होता. आता दुसरा कॅमेरा काटकोनात, बाजूला. दोन्ही फिती ‘इलान’ या सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांना जुळवून पाहता येतात; शब्द एका ओळीत, हात दुसऱ्या ओळीत, असं टिपण करता येतं.

दुसरी चूक माझी. मी सरळ विचारलं, “भूतकाळ कुठे आहे, हाताने दाखवा.” अर्थात सगळ्यांनी अंगठा मागे केला. विचारून दाखवलेला हात आणि बोलता बोलता आपसूक गेलेला हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॅनियल कासासांतो आणि काइल जॅस्मिन यांनी २०१२ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्यांत नेमकं हेच दाखवलं होतं: मुद्दाम दाखवायला सांगितलं की हात पुढे-मागे जातात, पण गोष्ट सांगण्याच्या ओघात डावी-उजवी जास्त दिसते. आणि गंमत अशी की ‘डावीकडचा महिना’ असं इंग्रजीतही कुणी म्हणत नाही. हाताकडे एक नकाशा आहे जो जिभेकडे नाहीच.

आजच्या सगळ्या फिती बाजूला ठेवल्या. यापुढे काळाचं नाव काढायचं नाही. ‘घर बदललं तेव्हाची हकीकत सांगा’, ‘भावंडांबद्दल सांगा’, एवढंच.

२२ जून

आज दिवसभर आयमारा. अँडीज पर्वतातल्या या भाषेबद्दल राफाएल नुन्येस आणि ईव्ह स्वीट्सर यांचा २००६ चा लेख पुन्हा नीट वाचला.

आयमारात ‘नायरा’ म्हणजे डोळा, म्हणजे समोर, आणि म्हणजेच भूतकाळ. ‘नायरा मारा’, समोरचं वर्ष, हे गेलेलं वर्ष. ‘खिपा’ म्हणजे पाठ, मागची बाजू, आणि भविष्य. केवळ शब्दांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढला असता तर तो लंगडा ठरला असता. का, ते आमच्या ‘पाठची बहीण’ या कार्डाकडे पाहिलं की कळतं; त्यावर पुढे लिहीन. पण नुन्येस यांनी उत्तर चिलीतल्या सुमारे ३० आयमारा प्रौढांच्या बोलण्याचं चित्रीकरण केलं आणि हात पाहिले. जुन्या पिढीतल्या, स्पॅनिश फारसं न येणाऱ्या माणसांचे हात जुन्या काळाबद्दल बोलताना पुढे जात होते. काळ जितका जुना तितका हात लांब. येणाऱ्या दिवसांसाठी अंगठा खांद्यावरून मागे. स्पॅनिश सहज बोलणाऱ्या तरुणांचे हात मात्र आपल्यासारखे.

त्यामागे एक विलक्षण सुसंगती आहे. घडून गेलेलं आपण पाहिलेलं असतं, न घडलेलं कुणी पाहिलेलं नसतं. जे दिसतं ते समोर, जे दिसत नाही ते पाठीमागे. आयमाराचं व्याकरणही सांगितलेली गोष्ट स्वतः पाहिली की ऐकली, हा भेद सतत करायला लावतं.

हे वाचताना मला वाटत होतं, केवढं परकं आहे हे. मग आपलंच वाक्य आठवलं: ‘ते दिवस आजही डोळ्यांसमोर उभे राहतात.’ पाठीमागे टाकलेला काळ आठवला की डोळ्यांसमोर येतो. एरवी तो पाहायला ‘मागे वळून’ पाहावं लागतं. आठवण उत्कट असेल तर वळावंही लागत नाही. आयमाराची पूर्ण व्यवस्था मराठीत नाही, पण तिचं एक बीज आहे. नवं कार्ड: ‘डोळ्यांसमोर’.

३० जून

टेबलावरचा कागद हलवला. तीन आठवडे आमच्या लक्षात आलं नव्हतं की नमुन्याच्या कार्डावर मैत्रिणीने काळाचा बाण काढला होता, डावीकडून उजवीकडे, आणि ते कार्ड बोलणाऱ्याच्या समोर पडलेलं असायचं. लोकांचे हात त्या बाणावरून फिरत होते. याआधीच्या सगळ्या फिती ‘डावं-उजवं’साठी निकामी.

बाण डावीकडून का सुरू झाला? देवनागरी डावीकडून लिहिली जाते म्हणून. बार्बरा ट्वर्स्की आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मुलांना आणि मोठ्यांना दिवसातली जेवणं क्रमाने कागदावर मांडायला सांगितली होती. इंग्रजी लिहिणाऱ्यांनी डावीकडून मांडली, अरबी लिहिणाऱ्यांनी उजवीकडून, हिब्रू लिहिणारे दोहोंच्या मध्ये. काळाची ही रेषा लिपीने हाताला शिकवलेली आहे.

आणि ती किती खोलवर बसते याचा एक पुरावा मला फार अस्वस्थ करून गेला. पक्षाघातानंतर काही रुग्णांना आपल्या डाव्या बाजूची जाणीवच राहत नाही. ताटाचा डावा अर्धा भाग ते तसाच सोडतात. २०१४ मध्ये आर्नो साज आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना एका माणसाच्या भूतकाळातल्या आणि भविष्यातल्या आवडी लक्षात ठेवायला सांगितल्या. भूतकाळातल्या गोष्टींचंच त्यांना जास्त विस्मरण होत होतं. डावी बाजू हरवली, आणि तिच्याबरोबर डावीकडे ठेवलेला काळही.

कार्डांवरचे सगळे बाण पुसायचे ठरलं.

७ जुलै

आजपासून प्रत्येक नोंदीत होकायंत्राची दिशा लिहायची. बोलणारा कोणत्या दिशेला तोंड करून बसलाय, हे आधी आम्ही टिपतच नव्हतो. आता अर्ध्या गप्पांनंतर माणसाला उलट्या दिशेच्या खुर्चीत बसवायचं.

कारण पोर्मपुराव. ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्क भागातली ही वस्ती. तिथल्या कूक थायोरसारख्या भाषांत रोजच्या बोलण्यात डावं-उजवं चालत नाही, पूर्व-पश्चिम चालतं. बोरोदित्स्की आणि ॲलिस गॅबी यांनी २०१० मध्ये तिथल्या लोकांना चित्रं क्रमाने लावायला दिली: माणूस म्हातारा होताना, मगर वाढताना, केळं खाल्लं जाताना. त्यांनी ती पूर्वेकडून पश्चिमेकडे लावली. दक्षिणेकडे तोंड असेल तर क्रम डावीकडून उजवीकडे, उत्तरेकडे असेल तर उजवीकडून डावीकडे, पूर्वेकडे असेल तर चित्रं अंगाकडे येत जातात. माणूस फिरला तरी काळ फिरला नाही.

रात्री कार्डांची यादी चाळताना ‘पूर्वी’वर थांबलो. पूर्वी, पूर्वज, पूर्वार्ध. संस्कृतात ‘पूर्व’ म्हणजे समोरचा, आधीचा आणि उगवतीचा, तिन्ही एकदम. ‘पश्चिम’ म्हणजे पाठीमागचा, नंतरचा, मावळतीचा. ‘पश्चात’ त्याच कुळातला. ‘दक्षिण’ म्हणजे उजवा. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाभोवती ही सगळी दिशांची नावं बसवलेली आहेत: समोर पूर्व, उजव्या हाताला दक्षिण, पाठीशी पश्चिम. आणि त्याच रचनेत आधीचं पूर्वेला, नंतरचं पश्चिमेला. ‘पूर्वज’ हा शब्द आपण रोज वापरतो, आणि त्यात आपल्या समोर उभे असलेले, आपल्या आधी जन्मलेले लोक आहेत. भविष्य पुढे आणि भूत मागे ठेवणाऱ्या आपल्याच भाषेत!

आज कॅमेरा लावलाच नाही. दिवसभर शब्दच.

८ जुलै

युप्नो लोकांबद्दल थोडक्यात. पापुआ न्यू गिनीतलं डोंगराळ खोरं. केन्सी कूपररायडर, नुन्येस आणि सहकाऱ्यांचं २०१२ चं काम. हात सांगतात: भविष्य चढाकडे, भूतकाळ उताराकडे, नदी खोऱ्यातून बाहेर पडते त्या बाजूला. त्यांची काळाची रेषा सरळही नाही, ती जमिनीच्या वळणाने वळते. घरात बसलं की दाराच्या दिशेला गेलेला काळ, दाराच्या विरुद्ध दिशेला येणारा.

म्हणजे आमच्या खोलीत दार कुठे आहे, हेही लिहायला हवं. लिहिलं.

१५ जुलै

‘अलीकडे’. मला वाटतं मराठीचा बुधवारचा प्रश्न इथे आहे.

शब्द नदीकाठचा आहे. अल्याड म्हणजे आपण उभे आहोत तो काठ, पल्याड म्हणजे समोरचा. आता काळात पाहू. ‘बैठक बुधवारच्या दोन दिवस अलीकडे घेतली.’ बुधवार यायचाय, म्हणून अलीकडे म्हणजे आधी, सोमवारी. पण इतिहासाचा अभ्यासक म्हणतो, ‘हा लेख दहाव्या शतकाच्या अलीकडचा आहे.’ इथे अलीकडचा म्हणजे नंतरचा! आणि ‘परंपरा दहाव्या शतकापलीकडे जाते’ म्हणजे त्याहून जुनी आहे. एकाच शब्दाने एकदा आधी, एकदा नंतर.

गोंधळ मात्र कुणाचाच होत नाही. अलीकडे म्हणजे ना आधी ना नंतर. अलीकडे म्हणजे माझ्या बाजूचं. बोलणारा वर्तमानात उभा आहे, दोन्ही बाजूंना नद्या आहेत, आणि प्रत्येक नदीचा त्याच्याकडचा काठ अलीकडचा. शब्दाचा अर्थ ठरतो तो ‘आता’च्या जागेवरून. ‘परवा’चं वर्तुळ आणि हे चित्र एकाच घरातले.

‘अलीकडे तो दिसत नाही’ या साध्या वाक्याचाही मग अर्थ उलगडतो: माझ्या काठावरच्या दिवसांत.

२१ जुलै

आकाशातली कार्डं. ‘कासराभर दिवस वर आला’, ‘दिवस डोक्यावर आला’, ‘दिवस कलला’. कासरा म्हणजे बैलाची दोरी. तिने क्षितिजापासून सूर्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि त्यालाच वेळ म्हणायचं. यात रूपकसुद्धा नाही. सूर्य खरंच तिथे असतो.

ब्राझीलच्या ॲमेझॉन भागात न्हेंगातू बोलणारे लोक दिवसाची वेळ सांगताना सूर्य ज्या जागी असेल तिकडे हात करतात. सिमियन फ्लॉइड यांनी २०१६ मध्ये मांडलं की हा हात वाक्यात क्रियाविशेषणाचं काम करतो. ‘सकाळी नऊ वाजता’ हे तोंडाने न म्हणता हाताने म्हटलं जातं. कासऱ्याचं कार्ड याच्या शेजारी ठेवलं.

त्याच थप्पीत ‘उतारवय’ही होतं. वयाबद्दल एक गोष्ट जाणवली: आपण चाळिशी गाठतो, ओलांडतो, पन्नाशीकडे झुकतो. वयात आपण चालतो. महिने मात्र चालत येतात, ‘येत्या महिन्यात’, आणि चालत जातात, ‘गेल्या महिन्यात’. तिथे आपण उभे.

२७ जुलै

पाठची बहीण. आज हा गुंता सोडवायचाच असं ठरवून बसलो.

‘मागे मी तुला सांगितलं होतं.’ मागे म्हणजे आधी.
‘तुम्ही व्हा पुढे, मी मागाहून येते.’ मागाहून म्हणजे नंतर.

एकाच मुळाचे दोन शब्द, काळात एकमेकांच्या विरुद्ध. तसंच ‘पुढची पिढी’ नंतरची, पण ‘पाठची बहीण’ही नंतरचीच. नंतरचं एकदा पुढे, एकदा पाठीशी. अग्रज पुढे जन्मलेला, म्हणजे थोरला. अनुज मागून आलेला, म्हणजे धाकटा.

‘मागे’ म्हणताना मी माझ्या पाठीकडे बोट करतो. मोजणी माझ्यापासून. ‘मागाहून’ म्हणताना मी मोजणीत नाहीच. एक रांग आहे, तिचं तोंड एका बाजूला आहे, आणि जो आधी येतो तो रांगेत पुढे असतो. पाठची बहीण माझ्या पाठीमागे नसते, आधी जन्मलेल्या भावंडाच्या पाठीशी असते. पूर्वज रांगेत सगळ्यात पुढे, म्हणून पूर्व. त्या दिवशी मला ‘पूर्वज’ आयमारासारखा वाटला होता, पण ती माझी घाई होती. तो रांगेचा शब्द आहे. नुन्येस आणि स्वीट्सर यांचा भर नेमका याच फरकावर होता: बोलणाऱ्यापासून मोजलेलं मागे-पुढे आणि एका घटनेपासून दुसरीपर्यंत मोजलेलं मागे-पुढे वेगळं ठेवलं नाही, तर कुठल्याही भाषेत ‘उलटा काळ’ सापडल्याचा भास होतो. आयमाराबद्दल खात्री झाली ती हात माणसाच्या स्वतःच्या अंगापासून निघत होते म्हणून.

१९०८ मध्ये मॅकटॅगर्ट या तत्त्ववेत्त्याने काळाच्या अशाच दोन मालिका वेगळ्या केल्या होत्या. एक भूत-वर्तमान-भविष्याची, जी सतत बदलते; दुसरी आधी-नंतरची, जी कधीच बदलत नाही. त्यातून काळ खरा नाही असं त्याने सिद्ध करू पाहिलं. मला ते पटत नाही, पण मागे आणि मागाहून या दोन शब्दांत त्याच्या दोन मालिका अगदी शेजारी शेजारी बसल्यात याचा आज खूप आनंद झाला.

दोन्ही शब्दांची कार्डं फाडून नव्याने काढायची.

२ ऑगस्ट

मित्राने शंका काढली: शब्दांवरून मनातला काळ कळतो, हे कशावरून? रास्त आहे. मोरोक्कोतल्या अरबीत भविष्य पुढेच आहे, पण हुआनमा दे ला फुएन्ते आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तिथल्या लोकांना एका आकृतीत गेलेल्या आणि येणाऱ्या दिवसाची गोष्ट मांडायला सांगितली, तेव्हा अनेकांनी गेलेल्या दिवसाची गोष्ट समोर ठेवली. लक्ष ज्या काळाकडे जास्त, तो काळ समोर, असं त्यांचं म्हणणं. स्पेनमधल्या लोकांनाही आधी भूतकाळाबद्दल लिहायला लावलं तर त्यांची मांडणी बदलली.

म्हणून कार्डावर ‘मराठी माणूस असा विचार करतो’ हे वाक्य कुठेही येणार नाही. शब्द काय करतो आणि त्या वेळी हात काय करतो, एवढंच.

९ ऑगस्ट

आत्याची फीत आज पूर्ण पाहिली. ती भावंडांबद्दल बोलत होती, तोंड पश्चिमेला, दार तिच्या डाव्या हाताला. ‘मागे एकदा’ म्हणताना उजवा हात खांद्यापर्यंत वर गेला आणि बोटं मागे वळली. बाजूचा कॅमेरा नसता तर दिसलंच नसतं.

चार मिनिटांनी ती म्हणाली, “दादा गेला पुढे, मी आले मागाहून.” ‘दादा’वर उजवा हात समोर गेला आणि हवेत तसाच थांबला. ‘मागाहून’वर डावा हात छातीपासून निघाला आणि उजव्याच्या मागे एक वीतभर अंतरावर येऊन राहिला. दोन्ही तळवे एकाच दिशेला वळलेले. खांद्याकडे काहीच गेलं नाही.

ती फीत मी सात वेळा पाहिली. मग फोन करून सांगितलं, “आत्या, तू हाताने रांग काढलीस.” ती म्हणाली, “मग, तो पुढे होता ना रे.”

‘मागाहून’च्या कार्डावर आता माणूस नाही. एकामागे एक दोन हात आहेत.